टॅब कोणाच्या हातात?

जिल्हा परिषदेच्या शाळेत टॅब आले की सगळ्यात आधी फोटो निघतो. एका बाजूला सरपंच, दुसऱ्या बाजूला गटशिक्षणाधिकारी, मध्ये देणगीदार आणि पुढे जमिनीवर बसवलेली मुले. प्रत्येकाच्या हातात एकेक चकचकीत पाटी. संध्याकाळपर्यंत तो फोटो तालुक्यातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला असतो. 'आमची शाळा, डिजिटल शाळा.' त्या फोटोबद्दल आमचे काही म्हणणे नाही. आम्हाला बोलायचे आहे ते दुसऱ्या दिवसाबद्दल आणि तिसऱ्या महिन्याबद्दल. फोटोत टॅब धरलेल्या मुलांपैकी कोणाच्या हातात तो पुन्हा आला आणि कोणाच्या हातात कधीच आला नाही, याबद्दल.

चळवळीत या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. जुने कार्यकर्ते म्हणतात, "टॅब म्हणजे खासगीकरणाचा चोरदरवाजा. आधी मास्तर काढतील, मग शाळा काढतील आणि पोराच्या हातात डबडं देऊन मोकळे होतील." तरुण मित्र म्हणतात, "पुण्या-मुंबईच्या इंटरनॅशनल शाळेतली पोरं टॅबवर शिकतात. आमच्या पोरांनी काय पाटी-पेन्सिलच घासत बसायची?" दोघांच्या म्हणण्यात खरेपणा आहे. पण दोघेही पहिली ते चौथीच्या वर्गात जाऊन बसलेले नसतात. मोर्चात आपण विद्यापीठाबद्दल बोलतो, शिष्यवृत्तीबद्दल बोलतो, फेलोशिपबद्दल बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. पण विद्यापीठाच्या दारापर्यंत कोण पोहोचणार याचा निकाल तिसरी-चौथीतच लागून गेलेला असतो. म्हणून हा विषय पोरखेळ नाही.

आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्यात काम करतो. वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. पहिली ते चौथीची अठ्ठावीस-तीस लेकरे येतात. शिकवणारे दोघे डी.एड. झालेले आहेत, शिक्षकभरतीची वाट बघता बघता एकाचे लग्न झाले, दुसऱ्याचे वय निघून चालले आहे. दोन वर्षांपूर्वी नोकरीला असलेल्या एका बांधवाने भीमजयंतीच्या डीजेला वर्गणी द्यायला नकार दिला आणि त्या पैशांचे सहा टॅब घेऊन दिले. (त्यावरून जयंती मंडळात जे झाले तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) वस्तीत बातमी पसरली, 'विहारात टॅबलेट वाटणार.' दुसऱ्या दिवशी एक आजी गुडघे धरत आली, "मला बी दोन दे रे बाबा, रात्रभर झोप न्हाई." आम्ही हसलो. पण नंतर विचार केला, आजीने काही चुकीचे मागितले नव्हते. सरकारपासून देणगीदारापर्यंत सगळेच टॅबकडे गोळी म्हणूनच बघतात. पाण्याबरोबर घ्या, आजार जाईल.

सहा टॅब आणि तीस लेकरे घेऊन बसलो तेव्हा काही गोष्टी दिसायला लागल्या. मग तालुक्यातल्या चार शाळांमध्ये मुख्याध्यापकांची परवानगी काढून आम्ही टॅबचा तास बघायला बसलो. एका शाळेत वीस टॅब आलेले, त्यातले अकरा चालू. पट बावन्न. म्हणून चार-पाच मुलांचा गट आणि गटाला एक टॅब. आम्ही एका गटाजवळ बसलो आणि वहीत नुसत्या रेघा मारत गेलो. कोणाचे बोट पडद्याला किती वेळा लागले, एवढेच. चाळीस मिनिटांत एका मुलाच्या नावापुढे शंभरावर रेघा झाल्या. आपल्या वस्तीतल्या मुलीच्या नावापुढे चार. त्या चारमधली एक रेघ टॅब पुसायला लावलेल्या हाताची होती. ही काही पाहणी नव्हे, आकडेवारी म्हणून हे कोणी पुढे पाठवू नये. पण बाकीच्या तीन शाळांतही रेघा थोड्याफार याच उतरंडीत पडल्या.

गुरुजी वाईट माणूस नव्हते. ते जातीवरून एक शब्द बोलले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "हुशार पोराकडे द्या, म्हणजे फुटणार नाही." आता वर्गात हुशार कोण? ज्याच्या घरी मोठ्या भावाचा फोन आहे, ज्याची बोटे पडद्यावर आधीच वळलेली आहेत, ज्याला फुटले तर बाप भरून देईल हे माहीत आहे, तो हुशार. आम्ही त्या मुलीला मधल्या सुट्टीत विचारले, "तू का नाही दाबत?" ती म्हणाली, "माझ्यानं बिघडंल." संध्याकाळी तिच्या आईला विचारले तर ती म्हणाली, "मीच सांगितलंय दादा, हात लावू नको म्हणून. फुटला तर कोण भरायचं? आपल्याकडं हायेत का पैसे?"

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही पिअर बोर्द्यूचे 'सांस्कृतिक भांडवल' शिकलो होतो. परीक्षेत त्यावर दहा गुणांचे उत्तरही लिहिले होते. ते भांडवल कसे चालते हे त्या पाच मुलांच्या गोलात दिसले. कोणी कोणाला हाकलत नाही. टॅब आपोआप एका मांडीवर जाऊन बसतो आणि एक मुलगी आपोआप काठाला सरकते.

या यंत्राचे नावच टचस्क्रीन. स्पर्श केल्याशिवाय ते चालत नाही. ज्या समाजाचा इतिहास 'हात लावू नको' या तीन शब्दांत सांगता येतो, त्या समाजातल्या मुलीला शाळा एका बाजूने आणि आई दुसऱ्या बाजूने तेच तीन शब्द सांगते. आईचे कारण वेगळे, शाळेचे कारण वेगळे. मुलीच्या बोटाला मात्र फरक कळत नाही.

बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना गुरुजींनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा वर्गातल्या सवर्ण मुलांनी धावत जाऊन फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे बाजूला केले. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे, आपल्यापैकी बहुतेकांना तो ठाऊक आहे. आपण तो सांगतो तेव्हा डब्यांवर थांबतो. पण फळ्याकडेही बघा. फळा हे त्या काळातले वर्गातले साधन होते. ते सगळ्यांसाठी एकच होते, सरकारी होते, आणि तरीही एका मुलाला तिथपर्यंत जाण्यासाठी आधी वर्गाची धावपळ बघावी लागली. वर्गात साधन आले म्हणजे ते सगळ्यांचे झाले, असे तेव्हाही नव्हते.

१९२७ चा मार्च महिना आपण महाडसाठी लक्षात ठेवतो. २० मार्चला चवदार तळे. पण त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्चला, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते. तिथे त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत अठराच पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. त्यांचा मुद्दा असा होता की शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, नाहीतर त्या खर्चाला अर्थ नाही. किती शाळा काढल्या, किती नावे पटावर घातली, हे त्यांनी मोजले नाही. शेवटी किती मुले वाचू लागली, हे मोजले. आठ दिवसांच्या अंतराने एकच माणूस पाण्याच्या हक्कासाठी तळ्यावर आणि वाचण्याच्या हक्कासाठी सभागृहात उभा होता. आम्हाला यात दोन विषय दिसत नाहीत.

आज पट भरलेला आहे. चौथीपर्यंत शंभरातली जवळजवळ शंभर पोहोचतात, कारण शाळा गावात आहे आणि खिचडी आहे. पण 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्क्यांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. २०२२ मध्ये, म्हणजे कोरोनानंतर, हा आकडा १६.३ टक्के होता. वाढ झाली, चांगली गोष्ट आहे. तरीही शंभरातली सत्याहत्तर मुले वर्गात बसून, हजेरी लावून, वरच्या वर्गात ढकलली जाऊन, वाचत नाहीत. टॅबचे मूल्यमापन याच आकड्यावर व्हायला हवे. टॅब आल्यावर किती वाचायला लागली? हा प्रश्न फोटो काढणाऱ्यांपैकी कोणी विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आता जुन्या कार्यकर्त्यांना न आवडणारी गोष्ट सांगतो. टॅबचा फायदा होतो. आम्ही तो डोळ्यांनी बघितला आहे, आणि तो जिथे होतो तिथे त्याचे कारण आपल्या लेकरांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

वर्गात चूक ही सार्वजनिक गोष्ट असते. गुरुजी उभे करतात, मूल अडखळते, मागून कोणीतरी हसते. हे सगळ्याच मुलांच्या वाट्याला येते. पण आपल्या वस्तीतल्या मुलाची चूक त्याची एकट्याची राहत नाही. 'यांच्यात असंच' हे वाक्य कोणी बोलो न बोलो, ते मूल ऐकते. म्हणून ते बोलायचेच बंद होते. विचारले तर मान खाली. गुरुजींना वाटते याला येत नाही, आणि बऱ्याचदा त्याला येत असते. आमच्या विहारातला एक तिसरीतला मुलगा वर्षभर शाळेत तोंड उघडत नव्हता. टॅबवर हातच्याची वजाबाकी त्याने एका संध्याकाळी कितीदा चुकवली असेल, तीस वेळा, चाळीस वेळा. यंत्राने सुस्कारा टाकला नाही. बापाचे नाव काढले नाही. दर वेळी तेवढ्याच थंडपणे पुन्हा गणित पुढे ठेवले. एकांतात चुकायची सोय ही चैन आहे, आणि ती आजवर फक्त घरी शिकवणी लावू शकणाऱ्यांनाच मिळत आली आहे.

हे आमचेच निरीक्षण आहे असे नाही. दिल्लीत मुरलीधरन, सिंग आणि गॅनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी 'माइंडस्पार्क' या संगणकावरच्या कार्यक्रमाचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चौथी ते नववीची मुले, शाळा सुटल्यावर चालणारे केंद्र, साडेचार महिने. गणितात आणि हिंदीत दोन्हीकडे चांगली वाढ दिसली. कारण काय? तो कार्यक्रम मूल कोणत्या इयत्तेत आहे हे बघत नव्हता, मूल प्रत्यक्षात कुठे अडले आहे हे बघत होता. सातवीतल्या मुलाला चौथीचे गणित येत नसेल तर तो तिथून सुरू करत होता. आपल्या शाळेत पुस्तक पुढे पळते आणि मूल मागे राहते. इथे पुस्तक थांबते. आफ्रिकेतल्या मलावीत 'वनबिलियन' या संस्थेने पहिली-दुसरीच्या मुलांसाठी टॅबवर वाचन आणि गणित तयार केले, त्यांच्या स्वतःच्या चिचेवा भाषेत. टॅब सौरऊर्जेवर चार्ज होतात, मुले रोज थोडा वेळ गटागटाने येऊन बसतात, प्रत्येकाला स्वतंत्र टॅब. परिणाम चांगले दिसले म्हणून तिथल्या सरकारने पहिली ते चौथीसाठी ते देशभर न्यायचे ठरवले. मलावी आपल्यापेक्षा कितीतरी गरीब देश आहे.

आणि हे पेरूचे उदाहरण आमच्या तरुण मित्रांसाठी. 'एका मुलाला एक लॅपटॉप' या कार्यक्रमात पेरू सरकारने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. नंतर खेड्यांतल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये बाहेर आला. गणित आणि भाषेच्या चाचणीत काहीच फरक नाही. लॅपटॉप मुलांच्या हातात पोहोचला, पण शिक्षकाला तो कसा वापरायचा हे सांगितले नव्हते आणि आतला मजकूर अभ्यासाशी जोडलेला नव्हता. म्हणजे हातात देणे ही लढाईची सुरुवात आहे. तिथेच विजयसभा घेऊ नये.

महाराष्ट्रात या गोष्टी नव्या नाहीत. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड गुरुजींनी वीज नसलेल्या पाड्यावर डिजिटल वर्ग उभा केला आणि तो बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आणला, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आल्यावर शाळा डिजिटल करायची लाटच आली. ही सगळी जिल्हा परिषदेची माणसे आहेत, हे आम्ही अभिमानाने सांगतो. जे काम महागड्या खासगी शाळांनी केले असे सांगितले जाते, ते आपल्या सरकारी शिक्षकांनी आधी केले.

पण त्या लाटेत एक गोष्ट वाहून आली, तिच्याकडे आपण लक्ष दिले नाही. पैसा कुठून आला? बहुतेक ठिकाणी लोकसहभागातून. म्हणजे वर्गणीतून. ऐकायला गोड वाटते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा त्यांनी गावोगावी पावतीपुस्तक फिरवले नव्हते. तो राज्याचा खर्च होता. आज शंभर वर्षांनंतर शाळेला प्रोजेक्टर हवा, टॅब हवा, तर गुरुजी बागायतदाराच्या दारात उभे. ज्याने दिले त्याचे नाव शाळेच्या भिंतीवर रंगवले जाते. भिंतीवरची ती नावे कधी वाचून बघा, गावाची सत्तारचना तिथे लिहिलेली असते. आणि ज्याच्या आजोबांचे नाव भिंतीवर आहे तो नातू टॅबच्या गोलात काठाला बसेल का?

एका गावात तर आणखी गंमत निघाली. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. त्या गावात शाळेचे टॅब याच पैशातून घेतल्याचे दाखवले होते. माहिती अधिकारात कागद काढला तेव्हा कळले. म्हणजे पैसा आपल्या नावाचा, टॅब शाळेच्या लोखंडी कपाटात, आणि आपल्या लेकरांची बोटे काठावर. आम्ही विचारले तर उत्तर आले, "शाळेत तुमची मुलं पण आहेतच की." आहेत ना. म्हणूनच विचारतो.

आता टॅबच्या आत काय आहे ते बघू. आमच्या सहा टॅबमध्ये विक्रेत्याने आधीच काहीतरी भरून दिले होते. 'माझे कुटुंब' या पाठात आई स्वयंपाकघरात, बाबा कचेरीत, आजोबा देवघरात. सणांच्या पाठात दिवाळी, गणपती, होळी, नाताळ, ईद. १४ एप्रिल नाही, बुद्धपौर्णिमा नाही. आमची मुले गोष्टीतल्या घरात स्वतःला शोधत होती आणि सापडत नव्हती. एका चौथीतल्या मुलीने विचारले, "यातली आई कामाला कधी जाती?" तिची आई पहाटे खुरपायला जाते. या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याकडे नव्हते.

भाषेचेही तेच. मुलाने मोठ्याने वाचायचे आणि यंत्राने ऐकून बरोबर-चूक सांगायचे, असे एक ॲप होते. आमची मुले मराठवाडी हेल काढून वाचत, आणि यंत्र म्हणे, पुन्हा प्रयत्न करा. अक्षर बरोबर, अर्थ बरोबर, पण स्वर पुण्याचा नाही. यंत्र अपमान करत नाही असे आम्ही वर म्हटले, ते खरेच आहे. पण यंत्राला कोणाचा आवाज ऐकवून शिकवले हा प्रश्न उरतोच.

१८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले हे आपण भाषणात सांगतो. पण तेवढ्यावर ते थांबले नव्हते. प्राथमिक शाळांत शिकवणारा कोणत्या समाजातून येतो, त्याला पगार किती, आणि शिकवायचे काय, हेही त्यांनी विचारले होते. शेतीचे, हिशोबाचे, आरोग्याचे ज्ञान अभ्यासक्रमात मागितले होते. तात्यासाहेब आज असते तर त्यांनी टॅब किती मिळाले हे विचारून गप्प बसले नसते. आतला मजकूर कोणी लिहिला, हे आधी विचारले असते.

म्हणून आम्ही आमच्यापुरते एक काम सुरू केले. विहारातल्या दोन शिक्षकांनी आणि कॉलेजातल्या पाच-सहा मुलामुलींनी छोट्या छोट्या गोष्टी लिहिल्या, त्यांचे आवाज फोनवर रेकॉर्ड केले, चित्रे लेकरांनीच काढली. ऊसतोडीला जाणाऱ्या घराची गोष्ट, विहिरीवरच्या मोटारीची गोष्ट, सावित्रीमाईंच्या शाळेची गोष्ट, आजीच्या गोधडीतल्या तुकड्यांवरून बेरीज. कारागिरी साधीच आहे. पण स्वतःच्या काकूचा आवाज टॅबमधून आला की लेकरे दोन दोन वेळा ऐकतात, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ओळीवर बोट ठेवतात.

ऊसतोडीचा विषय निघालाच आहे तर. दिवाळीनंतर आमच्या वर्गातली सात-आठ लेकरे आईबापाबरोबर कारखान्यावर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. हंगामी वसतिगृह कागदावर आहे, काही ठिकाणी खरोखर चालते, काही ठिकाणी नाही. सहा महिने सुटलेल्या मुलासाठी टॅब हे सर्वात उपयोगी साधन ठरू शकते, कारण ते त्याला सोडलेल्या जागेवरून पुढे घेते. आणि नेमके याच मुलाला टॅब मिळत नाही, कारण तो शाळेच्या बाहेर न्यायचा नाही असा नियम. कोपीत वीज कुठून आणणार, पावसात कुठे ठेवणार, हेही प्रश्न खरे आहेत. यावर आमच्याकडे तयार उत्तर नाही. गेल्या हंगामात एका मुकादमाच्या ट्रॅक्टरबरोबर दोन टॅब आणि एक छोटी सौरपाटी पाठवली. एक टॅब परत आला तेव्हा त्यात तीन मुलांचा चार महिन्यांचा अभ्यास होता. दुसऱ्याच्या पडद्याला तडा गेला होता. तो अजून चालतो.

कोरोनाचा काळ आठवा. शाळा बंद झाल्या आणि 'ऑनलाइन शिक्षण' सुरू झाले. २०२० च्या जूनमध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या नववीच्या एका दलित मुलीने आत्महत्या केली. घरातला टीव्ही बिघडलेला, स्मार्टफोन नाही, वर्ग बुडतात याचा ताण. केरळसारख्या राज्यात हे घडले. 'असर'च्या पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मधल्या सुमारे ३६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांवर गेले. म्हणून आता कोणी म्हणेल, प्रश्न सुटला. पण घरातला फोन सकाळी बापाच्या खिशातून कामावर जातो आणि रात्री रिकाम्या बॅटरीने परत येतो. लेकराच्या वाट्याला येतो तो अर्धा तास, रील बघायला. म्हणून आमचे म्हणणे आहे की टॅब शाळेचाच असावा, सार्वजनिक असावा, आणि त्याचा तास वेळापत्रकात लिहिलेला असावा.

खासगीकरणाची भीती मात्र खोटी नाही. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचा विचार सरकारने पुढे आणला. अशा शाळा राज्यात चौदा हजारांच्या वर आहेत, आणि त्या कुठे आहेत? वाड्यावर, तांड्यावर, पाड्यावर. शिक्षणहक्क कायदा पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा मागतो आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मागतो. आमच्या तालुक्यात दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक महिनोन्‌महिने कामगिरीवर बाहेर असतो. अशा शाळेच्या मुख्याध्यापकाने दुसरा शिक्षक मागितला तर एका बैठकीत त्याला ऐकायला मिळाले, "टॅब दिलेत ना तुम्हाला?" हे वाक्य लिहून ठेवा. पुढच्या काळात ते वारंवार ऐकू येणार आहे. टॅबवर बोट गिरवून 'क्ष' काढता येणारी आमची मुले वहीत पेन्सिलीने 'क्ष' काढताना अडखळत होती. तेव्हा पाटी पुन्हा आणली, आधी पाटी मग टॅब असा क्रम लावला, आणि हे ठरवायला माणूस लागला. तीन दिवस न आलेल्या मुलीच्या घरी जायलाही माणूसच लागतो. डी.एड. झालेली आपली मुले भरतीसाठी ताटकळत असताना शिक्षकाची जागा टॅबने भरणे म्हणजे एकाच घरातल्या दोघांचे नुकसान: धाकट्याचा शिक्षक जातो आणि थोरल्याची नोकरी जाते.

मग करायचे काय? निवेदन देऊन फोटो काढण्यात आम्हाला रस नाही. आपल्या हातात शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्याकडे आपण दुर्लक्ष करतो. कायद्याने तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक लागतात, निम्म्या महिला लागतात, आणि दुर्बल घटकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा लागतात. प्रत्यक्षात आपल्या बाईची सही घरी रजिस्टर पाठवून घेतली जाते. आम्ही गेल्या वर्षी वस्तीतल्या अकरा आयांना घेऊन बसलो आणि बैठकीत काय विचारायचे याची तयारी केली. भाषण नाही, प्रश्न. टॅब किती, चालू किती? तास कोणत्या वारी? गट कोणी पाडले? फुटला तर भरपाई पालकाकडून घेणार का? वीजबिल कोण भरते?

तिसऱ्या प्रश्नावर बैठक तापली. "लहान पोरांत तुम्ही जात आणता," असे एक सदस्य म्हणाले. त्या चार रेघावाल्या मुलीची आई उभी राहिली, पदर सावरला आणि म्हणाली, "गुरुजी, मी जात न्हाई म्हणले. मी म्हणले, पाळी लावा. नळावर लावतो तशी."

पाळी लागली. आता त्या शाळेत टॅबजवळ एक वही असते. दर दहा मिनिटांनी टॅब पुढच्या मुलाच्या मांडीवर जातो आणि ज्याचे झाले तो वहीत स्वतःच्या नावापुढे स्वतःच खूण करतो. फुटला तर दुरुस्ती शाळा अनुदानातून, पालकाकडून नाही, असा ठराव इतिवृत्तात आहे. त्याची सहीशिक्क्याची प्रत आम्ही विहारात ठेवली आहे आणि ती आयांना वाचून दाखवली आहे. दुसऱ्या शाळेनेही वही सुरू केली. तिसऱ्या शाळेत टॅब अजून कपाटात आहेत आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांची बदली झाली आहे. चौथ्या शाळेची वीज थकबाकीमुळे तोडलेली आहे, तिथे समितीची बैठक येत्या महिन्यात आहे. ज्या गावांत आपले कार्यकर्ते हे करू पाहतात त्यांनी वहीचा आणि ठरावाचा नमुना मागून घ्यावा. रकाने चारच आहेत: नाव, तारीख, किती मिनिटे, आणि आज काय वाचले.